स्वल्पविरामाएवढी खूण

आमच्या प्रयोगशाळेत त्यांना सगळे भिंगाताई म्हणायचे. खरं नाव हजेरीपटावर होतं आणि तिथेच राहिलं होतं. टपालवालासुद्धा दारातून "भिंगाताईंचं पाकीट आहे हो" असाच पुकारा करायचा. एकोणतीस वर्षं त्या एकाच खिडकीशेजारी, एकाच स्टुलावर, मायक्रोस्कोपला डोळे लावून बसत आल्या होत्या. स्टुलाची गादी तीनदा बदलली, बाई तीच.

मी त्यांच्या शेजारच्या टेबलावर समुद्राच्या पाण्यातले क्षार आणि प्राणवायू मोजायचे. पुढे जे सांगते आहे त्यातलं काही मी स्वतः पाहिलं. बाकीचं त्यांनीच मला सांगितलं, तेही एकदम नाही. कधी जिन्यात, कधी बाटल्या विसळताना, जसं आठवेल तसं.

बंदरातल्या एका जुन्या गोदामाचा दुसरा मजला म्हणजे आमची प्रयोगशाळा. लांबलचक खोली, दोन फ्रिज, त्यातला एक इतका घुरघुरायचा की फोन आला की त्याला आधी लाथ घालावी लागे. आयोडीनचे तपकिरी डाग पडलेलं बेसिन. आठवड्यातून एकदा बोटवाला समुद्रातल्या ठरलेल्या बारा ठिकाणांहून पाण्याच्या बाटल्या भरून आणायचा. त्यात आयोडीन घातलं की पाणी कोऱ्या चहाच्या रंगाचं व्हायचं आणि त्यातले डोळ्यांना न दिसणारे जीव जागच्या जागी थिजायचे. मग ते पाणी उंच काचेच्या नळीत दिवसभर निवळत ठेवायचं, आणि तळाशी बसलेलं भिंगाताईंनी मोजायचं.

मोजायचं म्हणजे काय, तर एक विषारी शेवाळ. समुद्र उबदार आणि शांत झाला की ते पाण्यात झपाट्यानं वाढतं. शिंपले पाणी गाळून जगतात, त्यामुळे ते विष शिंपल्यात साठतं. शिंपल्याला काही होत नाही, खाणाऱ्याला होतं. आधी ओठांना मुंग्या येतात, मग बोटं बधिर होतात, आणि फार खाल्लं असेल तर श्वास अडकतो. पंचाईत अशी की त्या शेवाळाचं एक निरुपद्रवी भावंड आहे, अगदी जुळं म्हणावं असं. फरक एवढाच, की विषारी पेशीच्या टोकाला स्वल्पविरामासारखी एक बारीक खूण असते. भिंगाताईंच्या डाव्या हातात एक मोजणीयंत्र असायचं, उजव्यात दुसरं. निरुपद्रवी दिसली की डावा अंगठा दाबायचा, विषारी दिसली की उजवा. डोळा वर उचलायचा नाही. टक, टक, टक. आम्हाला तो आवाज घड्याळासारखा सवयीचा होता.

आमचा समुद्र पाच देशांच्या मधोमध आहे. पुष्कळ वर्षांपूर्वी, मी नोकरीला लागायच्या आधी, आमच्या किनाऱ्यावर हे शेवाळ आलं होतं आणि प्रवाहाबरोबर पलीकडे गेलं होतं. तेव्हा दोन्ही सरकारांचं आपसात फाटलेलं. इकडून कोणी कळवलं नाही. पलीकडे अकरा माणसं गेली. त्यानंतर पाचही देशांनी बसून करार केला. दर मंगळवारी प्रत्येकानं आपले आकडे उरलेल्या चौघांना कळवायचे. महिन्यातून एकदा एकाच बाटलीतलं पाणी दोघांनी मोजून ताडून पाहायचं. आणि धोका दिसला तर आधी माल थांबवायचा, कागदपत्रं नंतर. हे शेवटचं कलम लिहिताना म्हणे चार दिवस वाद झाला होता.

त्या कराराच्या पहिल्या प्रशिक्षणाला भिंगाताई गेल्या होत्या. तिथे मायक्रोस्कोप कमी आणि माणसं जास्त, म्हणून त्यांची जोडी पलीकडच्या किनाऱ्यावरच्या एका उंच, अबोल गृहस्थांशी लावली. ज्या देशातली अकरा माणसं गेली होती, त्या देशाचे ते. पहिले दोन दिवस दोघंही अवघडून बसले. तिसऱ्या दिवशी त्यांनी ताईंना विचारलं, "तुम्हाला ही खूण कशासारखी वाटते?" ताई म्हणाल्या, "स्वल्पविरामासारखी." ते म्हणाले, "मला गळासारखी वाटते." तिथून बोलणं सुरू झालं ते सुरूच राहिलं. दर मंगळवारी सकाळी त्यांचा फोन यायचा. पाचही देशांच्या प्रयोगशाळांत एक तिसरीच भाषा चालते, कोणाच्याच घरची नसलेली, त्यामुळे ते दोघं पुस्तकातल्यासारखं सावकाश बोलायचे. आकडे सांगून झाले की ते ताईंच्या यजमानांच्या गुडघ्याची चौकशी करायचे. आम्ही चेष्टा करायचो, की घरातले ते 'हे' आणि समुद्राच्या त्या बाजूचे ते 'पलीकडचे'. ताई हसायच्या आणि त्यांनाही खुशाल 'पलीकडचे'च म्हणायच्या.

निवृत्तीला नऊ महिने राहिले होते तेव्हा त्यांचे डोळे बिघडायला लागले.

मला ते उशिरा कळलं, आणि त्याची मला अजून टोचणी आहे. आधी त्या दिव्याला नावं ठेवायला लागल्या. "हा बल्ब मेला पिवळा पडलाय." बल्ब बदलला. आठवड्यानं पुन्हा बदलायला लावला. मग भिंग पुसायचं कापड वाईट ठरलं. मग बाटल्यांवरची चिठ्ठी मला वाचायला सांगू लागल्या, "माझा चष्मा घरी राहिला बघ." चष्मा त्यांच्या गळ्यात लटकत असायचा. मी वाचून दाखवायचे. बसथांब्यावर आम्ही दोघी उभ्या असलो, की बस आल्यावर त्या माझ्या तोंडाकडे बघायच्या. मी चढले तर चढायचं, नाहीतर नाही. हे सगळं मी पाहिलं आणि त्याचा अर्थ मात्र लावला नाही. भिंगाताईंचे डोळे जातील हे माझ्या डोक्यातच येईना.

त्या डॉक्टरकडे जाऊन आल्या होत्या, गुपचूप. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. डॉक्टर म्हणाले, घाबरण्यासारखं काही नाही, एकामागून एक दोन्ही करून टाकू, पण तीन-चार महिने मायक्रोस्कोप बंद. ताईंनी हिशेब केला. चार महिने रजा घेतली की साहेब त्यांच्या जागी दुसरं कोणी आणणार, आणि परत आल्यावर त्यांना फायलींच्या खोलीत बसवणार. त्यापेक्षा नऊ महिने कसेही रेटू, मग काय डोळे नि काय. शिवाय डोळ्याला कोणी सुरी लावणार ही कल्पनाच त्यांना सहन होत नव्हती. यजमानांना त्यांनी सांगितलं, डॉक्टर म्हणाले नंबर वाढलाय.

"मी रोज सकाळी स्वतःला सांगायचे, आज दिसतंय बाई, आज बरं दिसतंय," त्या मला पुढे म्हणाल्या. "आणि जिना मात्र पायानं चाचपत चढायचे."

त्या वर्षी समुद्र लवकर तापला. तीन आठवडे वारा पडलेला. पाणी तेलासारखं सपाट. ताईंचा धाकटा भाऊ बंदरापासून अर्ध्या तासावरच्या खाडीत शिंपले वाढवायचा. पाण्यात तराफे, तराफ्यांना लोंबणारे दोर आणि दोरांना लगडलेले शिंपले. त्या वर्षीचं पीक चांगलं आलं होतं आणि गुरुवारी काढणी सुरू करायचं ठरलं होतं. सोमवारी त्यानं ताईंना फोन करून विचारलं, "ताई, तुझं पाणी काय म्हणतंय?" ताई म्हणाल्या, "अजून तरी ठीक आहे."

मंगळवारी सकाळी फोन वाजला. मी फ्रिजला लाथ घातली. ताईंनी नेहमीप्रमाणे आकडा सांगितला, लीटरमागे विषारी पेशी एकशे वीस. धोक्याची रेषा पाचशेवर होती.

पलीकडचे म्हणाले, "मी आत्ता मोजली ती बाटली तुमच्याच खाडीतली आहे. तुम्ही अदलाबदलीसाठी पाठवलेली. माझा आकडा नऊशे चाळीस आहे."

ताईंनी वही ओढून आपला आकडा बोटानं शोधला.

"मी तीनदा मोजलं. पाणी एकच आहे. आपल्या दोघांपैकी एक जण चुकतो आहे, आणि तो मीच असेन तर मला फार आनंद होईल."

गुडघ्याची चौकशी त्या दिवशी झाली नाही.

ताईंनी फोन ठेवला. त्या साहेबांच्या खोलीत गेल्या. आमचे साहेब वाईट माणूस नव्हते, पण त्यांच्यावर वरून दट्ट्या असायचा. गेल्या वर्षी पलीकडच्यांच्या एका इशाऱ्यावरून आमची काढणी दहा दिवस बंद राहिली होती आणि पुढे तो इशारा फुसका निघाला होता, त्याबद्दल साहेबांना वरून बरंच ऐकून घ्यावं लागलं होतं. त्यामुळे ते ऐकताक्षणी उसळले.

"यांचं दरवर्षीचंच आहे! उगाच बाऊ करायचा. ताई, तुमचा आकडा म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. मी पत्र लिहायला घेतो. त्यांची मोजणी सदोष आहे, त्यांच्या माणसाची फेरतपासणी व्हावी, असं रीतसर पाचही देशांना कळवू. खाली तुमची सही. चार वाजता पाठवायचं."

ताई परत येऊन स्टुलावर बसल्या. मला वाटलं, पलीकडच्यांच्या बोलण्यानं दुखावल्या असतील.

त्यांनी त्याच बाटलीचं उरलेलं पाणी काढलं, ते आदल्या दिवशीपासून नळीत निवळत होतंच, आणि पुन्हा मोजायला लागल्या. टक, टक, टक. डावा अंगठाच चालला होता. उजवा मधूनच एखादा. बारा वाजले. आम्ही जेवायला हाक मारली, त्यांनी मान हलवली. एक वाजता साहेबांनी पत्राचा मसुदा त्यांच्या टेबलावर आणून ठेवला. त्या कागदाला त्यांनी हात लावला नाही, पण त्याचं एक टोक पंख्याच्या वाऱ्यानं सारखं फडफडत होतं आणि प्रत्येक वेळी त्या दचकत होत्या.

दोन वाजता त्यांनी मला विचारलं, "उजव्याचे एकशे वीस आणि डाव्याचे हजार, मिळून किती?"

"अकराशे वीस," मी म्हटलं. "का हो?"

ताईंनी पलीकडे फोन लावला. "तुमचा निरुपद्रवी आकडा किती आहे? दुसरा आकडा?"

"एकशे ऐंशी," ते म्हणाले.

त्यांचे नऊशे चाळीस आणि एकशे ऐंशी, तेही अकराशे वीसच. म्हणजे पेशी दोघांनीही तेवढ्याच पाहिल्या होत्या. एकही सुटली नव्हती. फक्त यांनी ज्या डाव्या अंगठ्यावर टाकल्या होत्या, त्या पलीकडच्यांच्या उजव्यावर पडल्या होत्या.

ताईंनी फोन ठेवला आणि मला म्हणाल्या, "इकडे ये गं जरा. बस इथे."

मी त्या स्टुलावर कधी बसले नव्हते. कोणीच बसलं नव्हतं. मी डोळे लावले. तपकिरी प्रकाशात गोल गोल दाणे दिसले.

"मधल्या पेशीच्या टोकाला बघ. स्वल्पविरामासारखं काही दिसतंय का?"

"दिसतंय."

"नीट बघ. उगाच हो म्हणू नकोस."

"दिसतंय ताई. स्पष्ट आहे."

"शेजारच्या?"

"तिलाही आहे. तिच्या खालच्या दोघींनाही. त्या कडेच्या एकीला नाहीये."

मी वळून पाहिलं तर त्या टेबलाची कड दोन्ही हातांनी घट्ट धरून उभ्या होत्या. "मला फक्त गोळे दिसतात," त्या म्हणाल्या. "दोन महिने झाले. मला नुसते गोळे दिसतात."

त्यांनी तो मसुदा उचलला, घडी घातली आणि साहेबांच्या दाराकडे निघाल्या. दारात क्षणभर थांबल्या. मला वाटलं परत फिरतात की काय. मग आत गेल्या आणि दार न लावताच बोलल्या, त्यामुळे आम्ही सगळ्यांनी ऐकलं.

"साहेब, पलीकडचे बरोबर आहेत. चूक माझी आहे. माझ्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे आणि ते मी लपवलं. आत्ताच्या आत्ता काढणी बंद करा. मला काय ओरडायचं ते मागाहून ओरडा."

साहेब ओरडले नाहीत. ते म्हणाले, "गेल्या दोन महिन्यांचे आकडेही?" ताई म्हणाल्या, "हो, तेही." मग साहेबांनी फोन उचलला.

खाडीतल्या सगळ्या शिंपलेवाल्यांना निरोप द्यायचं काम आम्ही वाटून घेतलं. भावाला ताईंनीच फोन लावला. तो उचलेना. त्यांनी त्याच्या बायकोला लावला. तिला त्या धाकटी म्हणायच्या.

"धाकटे, हा फोन का घेत नाही?"

"अहो वन्सं, ते पाण्यावर आहेत. व्यापाऱ्याची गाडी आजच आली, म्हणून सकाळीच काढणीला लागले. पहिली खेप गेलीसुद्धा."

ताईंनी घाईनं विचारलं, "तू... घरात ठेवलेत का काही?"

"हे काय, आत्ताच टोपात उकळायला टाकलेत."

"गॅस बंद कर. कोणी तोंडाला लावू नका. फेकून दे, मांजरालासुद्धा घालू नकोस."

"अहो पण चांगले रटरटून उकळते ना..."

"उकळून ते विष जात नाही गं बाई! कितीही उकळ, जात नाही!" इतक्या मोठ्यानं बोलताना मी त्यांना पहिल्यांदाच ऐकलं. मग एकदम आवाज खाली आणून त्यांनी विचारलं, "यानं काही खाल्लं का?"

धाकटी जरा घुटमळली. "ते काढताना चार-दोन कच्चे खाऊन बघतातच की. त्याशिवाय त्यांना भरले की नाही ते कळत नाही म्हणतात."

प्रयोगशाळेच्या गाडीतून आम्ही निघालो. ड्रायव्हर, ताई आणि मी. निघण्याआधी ताईंनी पलीकडे फोन केला. व्यापाऱ्याची गाडी तीनच्या फेरीबोटीत चढली होती आणि फेरीबोट पलीकडच्या किनाऱ्याला लागणार होती. घड्याळात तीन वाजून दहा मिनिटं झाली होती.

"निळी गाडी आहे, साठ पेट्या आहेत," ताई म्हणाल्या. गाडीचा नंबर धाकटीकडून घेतला होता, तो मी वाचून दाखवला आणि त्यांनी माझ्यामागून म्हटला. "माझ्याकडे लेखी आदेश नाही अजून. साहेब करतायत."

"कागद नंतर," पलीकडचे म्हणाले. "मी स्वतः धक्क्यावर जातो." आणि त्यांनी लगेच फोन ठेवला.

वाटेत ताईंच्या मांडीवर दोन्ही हातांचे अंगठे आपोआप हलत होते, मोजल्यासारखे. रस्त्यात एका ठिकाणी खोदकाम चाललं होतं आणि लाल दिव्यापाशी आमची गाडी अडकली, तेव्हा त्या ड्रायव्हरला म्हणाल्या, "दादा, मी उतरून चालत जाऊ का?" अजून आठ किलोमीटर राहिले होते.

आम्ही खाडीच्या धक्क्यावर पोचलो तेव्हा भाऊ उलट्या घातलेल्या पेटीवर बसला होता. नुकताच पाण्यावरून आलेला, रबरी बूट, अंगावर ओला चिखल. आम्हाला बघून तो हसायला गेला आणि त्याचं हसू वाकडं झालं.

"ताई, तू कशी इथे? ओठ बघ ना कसे झालेत. दाताच्या डॉक्टरनं सुई टोचावी तसे."

"हात दाखव. बोटं हलव."

त्यानं हलवली. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट हललं नाही. तो त्या बोटांकडे बघत राहिला, दुसऱ्या कोणाची बोटं असावीत तसा. "हे काय होतंय?" त्यानं विचारलं, आणि त्या आवाजात एकदम लहानपणचा भाऊ आला असं ताई म्हणतात.

आम्ही त्याला गाडीत घातलं. इस्पितळापर्यंत त्याची जीभ जड झाली होती. शेवटच्या वळणावर तो म्हणाला, "छातीवर कोणी बसलंय." ताई त्याचा हात धरून सारख्या म्हणत होत्या, "श्वास घे. घे. आता सोड. आता परत घे." जणू त्या थांबल्या असत्या तर तोही थांबला असता. डॉक्टरांना त्यांनी दारातच नाव, विष, किती वाजता खाल्लं, किती खाल्लं सगळं घडाघडा सांगितलं. त्यामुळे वेळ वाचला, असं डॉक्टर नंतर म्हणाले. या विषावर उतारा नाही. शरीर ते बाहेर टाकेपर्यंत यंत्रानं श्वास चालू ठेवायचा, एवढंच हातात. भावाला यंत्र लावलं.

साडेपाचला ताईंचा फोन वाजला. त्यांनी तो मला दिला, कारण त्यांना ऐकवत नव्हतं. पलीकडचे होते. "गाडी थांबवली," ते म्हणाले. "साठच्या साठ पेट्या मोजल्या. एकही फोडलेली नाही. त्यांना सांगा." मी सांगितलं. ताईंनी साठ हा आकडा माझ्याकडून दोनदा म्हणून घेतला.

त्यांचे यजमान आले ते थर्मास घेऊन, लंगडत. झालं ते त्यांना साहेबांकडून कळलं होतं. ते फक्त एवढंच म्हणाले, "नंबर वाढलाय म्हणालीस."

"खोटं बोलले," ताई म्हणाल्या.

"हं," ते म्हणाले, आणि झाकणात चहा ओतून त्यांच्यापुढे धरला.

तिसऱ्या दिवशी सकाळी भावाचं यंत्र काढलं. त्याचा स्वतःचा श्वास चालू झाला. पण ती गोष्ट तिथे संपली नाही, आणि ताईंची झोप तर त्यानंतरच उडाली. दोन महिन्यांच्या बाटल्या फ्रिजमध्ये होत्या. त्या सगळ्या पुन्हा मोजाव्या लागणार होत्या, आणि काय निघेल ते कोणालाच माहीत नव्हतं. आमच्याकडे मोजणारं माणूस नव्हतं. पलीकडचे स्वतःचा मायक्रोस्कोप पेटीत घालून फेरीबोटीनं आले. साहेबांनी त्यांना बोलावणं पाठवलं तेव्हा त्या जुन्या पत्राचा मसुदा साहेबांच्याच टेबलाच्या खणात होता, हे मला ठाऊक आहे.

पाच दिवस ते ताईंच्या स्टुलावर बसले. ताई शेजारी बसून आकडे लिहून घ्यायच्या, जाड पेनानं, मोठ्या अक्षरांत. प्रत्येक बाटलीला ते आकडा म्हणायचे आणि ताई डोळे मिटून ऐकायच्या. बहुतेक आठवडे रेषेच्या आत निघाले. दोन आठवडे निघाले नाहीत. पाचशे सत्तर, सहाशे दहा. मागच्या महिन्यात दोघांनी ताडून पाहिलेली बाटली नेमकी या आठवड्यांतली नव्हती, तिच्यात पेशीच जेमतेम होत्या, म्हणून तेव्हा फरक दिसला नव्हता. त्या दोन आठवड्यांत शिंपले बाजारात गेले होते आणि लोकांनी खाल्ले होते.

मग सगळ्या इस्पितळांच्या नोंदी काढल्या. पाचही देशांत. ते काम चालू होतं तेवढे अकरा दिवस ताईंनी धड अन्न घेतलं नाही. शेवटी एकच नोंद निघाली, आमच्याच शहरातली. एक म्हातारी बाई, ओठ आणि हात बधिर झाले म्हणून आणली होती आणि दोन दिवसांनी घरी सोडली होती. कारण लिहिलं होतं, अशक्तपणा.

साहेब म्हणाले, आपण पत्र पाठवू. ताई म्हणाल्या, मी जाते. मी बरोबर गेले, बसचा नंबर वाचायला. चौथ्या मजल्यावरची छोटी जागा, गॅलरीत वाळत घातलेले टॉवेल. ताईंनी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. काहीही राखून ठेवलं नाही. म्हातारीनं ऐकून घेतलं आणि कपाळावर हात मारला.

"अगं बाई! आणि मी दीड महिना सुनेच्या नावानं खडे फोडत बसले! म्हटलं हिनेच काहीतरी शिळंपाकं घातलं." मग तिनं आत हाक मारली, "अगं ए, बाहेर ये, या बाई काय म्हणतात ऐक." सून बाहेर आली. ताईंनी सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. सुनेनं मात्र ते हलक्यावर घेतलं नाही. ती म्हणाली, "त्या दिवशी माझ्या मुलीनंही खाल्ले असते. तिला ताप होता म्हणून दिले नव्हते." आणि ती आत निघून गेली. जिना उतरताना ताईंना कठडा सापडेना. मी त्यांचा हात तिथे नेऊन ठेवला.

चौकशी झाली. ताईंना कामावरून काढलं नाही, पण मोजणीतून काढलं आणि सेवापुस्तकात शेरा आला. तो त्यांनी न वाचता सही करून परत दिला, त्यांना तसंही वाचता येत नव्हतं. पुढच्या बैठकीत पलीकडच्यांनी दोन ठराव मांडले. प्रत्येक बाटली दोन माणसांनी मोजायची, आणि मोजणाऱ्या प्रत्येकाचे डोळे दर वर्षी तपासायचे, रजा घ्यावी लागली तर त्याची जागा राखून ठेवायची. त्यांनी ताईंचं नाव घेतलं नाही. पाचही देशांनी मान्य केलं. यावर वाद झाला नाही.

भाऊ मात्र ताईंशी बोलत नव्हता. काढणी तीन महिने बंद राहिली आणि त्याचं त्या वर्षीचं पीक दोरावरच गेलं, पण राग त्या नुकसानीचा नव्हता. धाकटीनं सांगितलं, तो म्हणतो, "सोमवारी मी तिला विचारलं होतं. तेव्हा तिला दिसत नव्हतं, आणि तरी ती ठीक आहे म्हणाली."

पहिल्या डोळ्याच्या शस्त्रक्रियेला यजमान घेऊन गेले. दुसऱ्याच्या वेळी त्यांचा गुडघा धरला. ताई रिक्षा बघायला खाली उतरल्या तर भाऊ गाडी घेऊन उभा. त्यानं दार उघडलं, काही न बोलता. अर्ध्या रस्त्यात तो म्हणाला, "भीती वाटतेय का?"

"खूप."

"मलाही वाटत होती. गाडीत, त्या दिवशी. तू श्वास घे, श्वास घे करत होतीस ना, तेव्हा मला तुला सांगायचं होतं की जरा गप्प बस, पण जीभच हलेना."

ताई हसल्या आणि हसता हसता त्यांना रडू फुटलं. तो म्हणाला, "डोळे चोळू नकोस आता, डॉक्टर ओरडेल."

ताईंच्या जागी आता मी मोजते. त्यांनीच शिकवलं, निवृत्तीआधीच्या शेवटच्या चार महिन्यांत, नव्या डोळ्यांनी, माझ्या मागे उभं राहून. माझ्याबरोबर दुसरं एक माणूस मोजतं, आणि दोघांची मोजणी संपेपर्यंत आम्ही एकमेकांना आकडे सांगत नाही. गेल्या आठवड्यात पाणी पुन्हा तापायला लागलं. माझा आकडा चारशे साठ आला, शेजारच्याचा चारशे नव्वद. रेषेला लागायची वाट न बघता आम्ही काढणी थांबवली. रेषा ओलांडलेली नव्हती, त्यामुळे साहेबांना सकाळपासून वरून फोन येतायत. त्याच बाटलीचा पलीकडचा आकडा उद्या, मंगळवारी, येईल.